१४८ विरुद्ध ५

डिसेंबर १९६२मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, साउदॅम्प्टनजवळच्या कॅलशॉट इथं एक लहानसं मतदान झालं. मतदार म्हणजे विमानदलाच्या रिकाम्या क्वार्टर्समध्ये उतरवलेली, वर्षभरापूर्वी जीव मुठीत धरून आलेली काही कुटुंबं. त्यांचं बेट दक्षिण अटलांटिक महासागरातलं, ट्रिस्टन दा कुन्हा. तिथला ज्वालामुखी गावाच्या अंगणातच फुटला म्हणून त्यांना इथं आणलं होतं. आता इथंच राहायचं की परत जायचं, एवढाच प्रश्न होता. परत जाण्याच्या बाजूनं १४८ मतं पडली. विरोधात ५.

ब्रिटिश वृत्तपत्रांना या आकड्यांत बातमीपेक्षा प्रवचन जास्त सापडलं. टीव्ही, बस, दुकानं, पगार, फुकट औषधपाणी असं सगळं पायाशी आलेलं असताना ही साधीभोळी माणसं धुमसत्या डोंगराच्या पायथ्याशी परत निघाली, म्हणजे आपल्या सुधारणेच्या थोबाडीत मारून निघाली, असा एकंदर सूर होता. जगभर तो उचलला गेला आणि अजूनही ट्रिस्टनवर कुणी लिहायला बसलं की तोच लागतो. बेटाच्या दीडशे वर्षांच्या नोंदी सलग वाचल्या की मात्र हा अर्थ लंगडा वाटायला लागतो. ही माणसं भोळी मुळीच नव्हती. हिशोबाला तर फारच पक्की होती. त्यांनी मत कशाला दिलं हे समजायचं तर कॅलशॉटवरून बरंच मागं जावं लागतं.

आधी जागा पाहू. केप टाउनहून पश्चिमेला सुमारे २,८०० किलोमीटर समुद्र कापला की ट्रिस्टन येतं. सर्वांत जवळची माणसांची वस्ती सेंट हेलेना, तीही सुमारे २,४०० किलोमीटरवर. विमानतळ नाही, आणि धावपट्टी करता येईल एवढी सपाट जागाही नाही. वर्षातून मोजकी जहाजं येतात. त्यांना आठवडाभर लागतो. समुद्र खवळलेला असला तर गाव डोळ्यांसमोर दिसत असताना जहाज दिवसेंदिवस बाहेर डोलत उभं राहतं आणि एखाद्या वेळी कुणालाही न उतरवता माघारी जातं. बेट जवळजवळ गोल, बारा किलोमीटर व्यासाचं, क्षेत्रफळ ९८ चौरस किलोमीटर. मधोमध क्वीन मेरीज पीक हे शिखर, २,०६२ मीटरचं. आपल्या कळसूबाईपेक्षा चारशे मीटरनं उंच, आणि तेही थेट समुद्रातून उठलेलं. भोवती सरळसोट कडे. वायव्येला डोंगराच्या पायथ्याशी काही किलोमीटर लांबीची एक अरुंद पट्टी सुटली आहे. गाव, शेतं, कुरणं, सगळं तिच्यावर.

गावाचं कागदोपत्री नाव एडिंबरा ऑफ द सेव्हन सीज. राणी व्हिक्टोरियाचा मुलगा, ड्यूक ऑफ एडिंबरा, १८६७ साली इथं येऊन गेला, त्याच्या नावानं. बेटावर कुणी एवढं लांबलचक नाव घेत नाही. ते नुसतं ‘सेटलमेंट’ म्हणतात. या भारदस्त नावाचा एक ताप मात्र झाला. ऑनलाइन मागवलेल्या वस्तू स्कॉटलंडच्या एडिंबराच्या घोटाळ्यात सापडायच्या. शेवटी २००५मध्ये बेटाला स्वतःचा ब्रिटिश पोस्टकोड मिळाला.

दगड काळा, सच्छिद्र, आपल्या ओळखीचा. ट्रिस्टनच्या खाली भूगर्भातून वर येणारा उष्ण खडकाचा जो स्रोत मानतात, त्यानंच तेरा कोटी वर्षांपूर्वी ब्राझीलमधलं पाराना आणि नामिबियातलं एतेंडेका ही लाव्हाची पठारं घातली. तेव्हा दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका एकमेकींना चिकटलेल्या होत्या. सह्याद्रीचा कातळ अशाच दुसऱ्या एका स्रोताचा, तो आज हिंदी महासागरात रेयुनियन बेटाखाली आहे. म्हणजे पोटापुरती माती असलेल्या काळ्या कातळावर संसार कसा करतात, हे महाराष्ट्राला कुणी नव्यानं सांगायला नको.

आणखी एक धागा आहे, तो माणसांचा. १५०६मध्ये पोर्तुगालहून हिंदुस्थानच्या वाटेला लागलेला एक आरमारी ताफा वादळात दक्षिणेला भरकटला. ताफ्याचा प्रमुख त्रिस्तांव दा कुन्हा. त्याला ही बेटं दिसली. उतरता काही आलं नाही, पण नाव चिकटलं. त्याच ताफ्यात आफोंसो द आल्बुकर्क होता. चार वर्षांनी, १५१०मध्ये, गोवा घेतलं ते त्यानं. त्रिस्तांवचा मुलगा नुनो हाही वडिलांबरोबर त्याच मोहिमेवर होता. पुढे १५२९ ते १५३८ तो पोर्तुगीज हिंदुस्थानचा गव्हर्नर झाला आणि त्याच्याच काळात, डिसेंबर १५३४मध्ये, गुजरातच्या बहादूरशहाशी झालेल्या तहानं वसई पोर्तुगिजांकडे गेली. ती दोनशे वर्षांनी चिमाजी अप्पांनी सोडवली, हा इतिहास मराठी वाचकाला पाठ आहे. बाप मात्र स्वतःच्या नावाच्या बेटाकडे पुन्हा कधी फिरकला नाही. १५१४मध्ये तो रोमला पोपच्या दरबारात पोर्तुगालच्या राजाचा वकील म्हणून गेला, तेव्हा नजराण्यात हिंदुस्थानातून आलेला एक हत्तीही होता.

यानंतर तीनशे वर्षं बेटावर कायमचं कुणी राहिलं नाही. पाणी भरायला जहाजं थांबत, सीलची शिकार करणारे येत-जात. १८१०च्या अखेरीस अमेरिकेतल्या सेलमचा जोनाथन लॅम्बर्ट दोघा-तिघांसह इथं उतरला. त्यानं जाहीरनामा काढून स्वतःला बेटांचा मालक ठरवलं आणि त्यांचं नाव ‘विश्रांतीची बेटं’ ठेवलं. दीड वर्षात तो बुडून मेला.

मग आला नेपोलियन. म्हणजे तो नाही, त्याची भीती आली. त्याला सेंट हेलेनावर ठेवल्यावर ब्रिटिशांना वाटलं, कुणी ट्रिस्टनचा आधार घेऊन त्याला पळवलं तर? २,४०० किलोमीटरवरच्या खडकाचा आधार घेऊन! पण सरकारी काळजीला नकाशा लागत नाही. ऑगस्ट १८१६मध्ये बेटावर ब्रिटिश झेंडा लागला आणि केपहून पलटण आली. वर्षभरात चूक ध्यानात आली आणि पलटण परत बोलावली. त्याच सुमारास तिला न्यायला आलेलं ‘ज्युलिया’ हे जहाज किनाऱ्यावर आपटून फुटलं, पंचावन्न माणसं गेली.

सगळे निघाले तेव्हा तोफखान्यातल्या विल्यम ग्लास नावाच्या कॉर्पोरलनं राहू देण्याची परवानगी मागितली. स्कॉटलंडमधल्या केल्सोचा हा गडी. बरोबर केपची बायको मारिया आणि मुलं. सॅम्युअल बर्नेल आणि जॉन नॅनकिव्हेल हे दोन गवंडीही थांबले. ७ नोव्हेंबर १८१७ रोजी त्यांनी एक कागद केला. तो आजही लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

या कागदाविषयी भाबडं बरंच लिहिलं गेलंय. जणू अटलांटिकच्या मध्यावर कुणी समतेचं उपनिषद रचलं. प्रत्यक्षात तो भागीदारीचा करारनामा आहे, आणि त्यात स्वतःचा उल्लेखही ‘फर्म’ असाच आहे. गुरंढोरं आणि सामान सगळ्यांचं सारखं. नफा होईल तो सारखा वाटायचा. खरेदीचा खर्च सारखा उचलायचा. कुणी सोडून जायचं म्हटलं तर त्याच्या हिश्शाची किंमत तिऱ्हाइतांनी ठरवायची आणि ती अखेरची मानायची. पेढीत सलोखा राहावा म्हणून कुणीही कुणावर वरचढपणा करायचा नाही. सगळे सर्व बाबतींत बरोबरीचे, आजारपण सोडलं तर प्रत्येकानं आपल्या वाट्याचं काम करायचं. आणि शेवटचं कलम तर मला फार आवडतं: ग्लासला बायकामुलं आहेत म्हणून त्याच्यावर जादा खर्च चढवायचा नाही. दोन सडे गवंडी आणि एक कुटुंबवाला यांच्यात जेवणाच्या पंक्तीवरून काहीतरी कुरबूर झालेली असणार, त्याशिवाय हे कलम येत नाही. ग्लासला पुढे सोळा मुलं झाली, तेव्हा त्यानं ते वेळेवर लिहून घेतलं म्हणायचं.

गवंडी काही वर्षांत निघून गेले, नवे लोक येत राहिले, ग्लासला येणारे-जाणारे ‘गव्हर्नर’ म्हणू लागले. करार कागदापुरता संपला. त्यातलं वरचढपणाचं कलम मात्र टिकलं. त्याचं कारण तत्त्वज्ञान नव्हतं. होडी लोटायला सहा माणसं लागतात. त्यातल्या एकाला राग येऊन तो घरी बसला तर होडी जागची हलत नाही. अशा जागी मालकी गाजवणं परवडत नाही.

बायांचा प्रश्न होता. १८२७पर्यंत बेटावर सडे पुरुष बरेच जमले होते. त्यांनी एका जहाजाच्या कप्तानाला गळ घातली, सेंट हेलेनाहून लग्नाला तयार असणाऱ्या बायका आणून दे. त्यानं पाच आणल्या. पहिली जी किनाऱ्यावर पाय ठेवील तिच्याशी लग्न करीन, असं थॉमस स्वेन म्हणाला होता आणि त्यानं ते केलं, अशी कथा बेटावर सांगतात. त्या बायकांच्या बाजूनं ही कथा कुणी लिहून ठेवलेली नाही. सेंट हेलेनावर तेव्हा गुलामगिरी चालू होती. तिथले गुलाम आफ्रिका, मादागास्कर, हिंदुस्थान, मलाया अशा ठिकाणांहून आणलेले. न पाहिलेल्या पुरुषांसाठी न पाहिलेल्या खडकावर जायला कुणी तयार होतं, त्या अर्थी मागं काय सोडलं असेल याचा अंदाज येतो.

पुढची भर समुद्रानं घातली. १८३६मध्ये फुटलेल्या जहाजातून डच पीटर ग्रीन आला. अमेरिकन देवमासेवाल्यांतून रॉजर्स आणि हेगन आले. १८९२मध्ये ‘इटालिया’ फुटलं आणि कामोग्लीचे दोन खलाशी, रेपेटो आणि लावारेलो, इथलेच झाले. ग्लास, स्वेन, ग्रीन, रॉजर्स, हेगन, रेपेटो, लावारेलो या सात आडनावांत जवळजवळ सगळं गाव येतं. जनुकशास्त्रज्ञांनी मागं जाऊन पाहिलं तेव्हा मूळपुरुष आठ आणि मूळस्त्रिया सात, एवढ्यांवरच वंशवेल पोचली. या आकुंचनाची किंमतही आहे: जवळजवळ निम्म्या लोकांना दमा. टोरंटोच्या संशोधकांनी १९९०च्या दशकात इथं येऊन रक्ताचे नमुने नेले ते दम्याचं जनुक शोधायलाच.

एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध बेटाला वाईट गेला. १८६९मध्ये सुएझ कालवा उघडला, वाफेची जहाजं आली; शिडाच्या जहाजांना वाऱ्यासाठी दक्षिणेला यावं लागे ते थांबलं. जहाज नाही तर पीठ नाही, साखर नाही, कापड नाही. १८८२मध्ये एका फुटक्या जहाजातून काळे उंदीर उतरले आणि त्यांनी धान्य आणि पक्ष्यांची घरटी दोन्ही साफ केली. मग नोव्हेंबर १८८५. दूरवर ‘वेस्ट रायडिंग’ हे जहाज दिसलं. काहीतरी अदलाबदल करता येईल या आशेनं पंधरा जण सरकारनं दिलेली लाइफबोट घेऊन गेले. पंधरापैकी एकही परत आला नाही. शंभरेक माणसांच्या गावातले कर्ते पुरुष एका सकाळीत गेले; उरले चौघं. त्यानंतरची वर्षं बायकांनी काढली. नांगरट, मेंढ्या, मासे, सगळं. सरकारनं पुढे अनेकदा सुचवलं, उठा तिथून, केपला जागा देतो. काही कुटुंबं वेळोवेळी गेलीही. बाकीचे राहिले.

राहिले ते बटाट्यावर. गावापासून तीनेक किलोमीटरवर दगडी गडग्यांनी आखलेली छोटी छोटी वाफेवजा शेतं आहेत, त्यांना ‘पॅचेस’ म्हणतात. समुद्रावरचं खारं वारं पिकाला जाळू नये म्हणून गडगे छातीभर उंच. वसंतात, म्हणजे आपल्या भाद्रपद-आश्विनात, लावणी, जानेवारी-फेब्रुवारीत काढणी. खताला मेंढ्यांचं शेण आणि शेजारच्या नाइटिंगेल बेटावरून होडीनं आणलेली पक्ष्यांची विष्ठा. घराच्या भिंती मऊ ज्वालामुखी दगड कुऱ्हाडीनं तासून रचायच्या, छपराला फ्लॅक्सच्या पात्यांचा थर. कुणाचं छप्पर निघालं की सारा गाव एका दिवसात ते शाकारून द्यायचा आणि घरमालकानं मेंढरू कापून सगळ्यांना जेवू घालायचं. आपली इर्जिक दुसरं काय असते? पैसा नव्हताच. दुसऱ्या महायुद्धात १९४२मध्ये आरमारानं इथं गुप्त बिनतारी ठाणं काढलं, तेव्हा पगार आणि दुकान हा प्रकार प्रथम आला. १९४६मध्ये बेटानं स्वतःच्या टपाल तिकिटाचा नमुना केला त्यावर किंमत छापली होती: एक पेनी, म्हणजे चार बटाटे. लंडननं तो नाकारला. आज तिकिटं जमवणारे त्या नमुन्यासाठी बरेच पैसे मोजतात.

युद्धानंतर केपच्या कंपनीनं शेवंडांचा कारखाना काढला. नोकऱ्या आल्या. आणि दहाबारा वर्षांत डोंगर जागा झाला.

ऑगस्ट १९६१पासून धक्के बसत होते. आधी खिडक्या वाजत, मग दरडी कोसळू लागल्या, भिंतींना भेगा गेल्या. ऑक्टोबरच्या सुरुवातीला गावाच्या पूर्वेला जमीन फुगायला लागली. माणसाच्या आठवणीत हा डोंगर कधी पेटलेला नव्हता. ९ ऑक्टोबरची रात्र सगळ्यांनी बटाट्याच्या शेतांतल्या झोपड्यांत काढली. त्या फुगवट्यातून लाव्हा वर आला. दुसऱ्या दिवशी शेवंडांच्या दोन होड्यांनी, ‘ट्रिस्टानिया’ आणि ‘फ्रान्सेस रेपेटो’ यांनी, सगळ्यांना नाइटिंगेल बेटावर पोचवलं. यातल्या दुसऱ्या होडीचं नाव एका बाईचं आहे. १९३०च्या दशकात बेटावरच्या बायकांचं पुढारीपण तिच्याकडे होतं. नाइटिंगेलहून पुढे डच जहाज ‘चिसादाने’नं केप टाउन. एकूण २६४ माणसं, एकही बळी नाही.

केपमध्येच ठेवता आलं असतं, हवापाणीही बरं पडलं असतं. पण तो वर्णभेदाच्या राजवटीचा काळ होता. गोऱ्या, काळ्या, सावळ्या रक्ताच्या मिश्रणातून झालेल्या, एकमेकांचे सख्खे-चुलत असलेल्या या कुटुंबांना तिथं कोणकोणत्या रांगांत उभं केलं असतं, हे सांगायला नको. ‘स्टर्लिंग कॅसल’ जहाज त्यांना घेऊन ३ नोव्हेंबरला साउदॅम्प्टनला लागलं.

पहिला मुक्काम सरेमधल्या लष्करी छावणीत, मग जानेवारीपासून कॅलशॉट. इंग्रजांनी कपडे, खेळणी, भांडी यांचा पाऊस पाडला, हे मान्य केलंच पाहिजे. पुरुषांना कारखान्यांत, गोदीत कामं मिळाली, मुलांना शाळा. ज्या जंतूंशी यांची कधी गाठ पडलेली नव्हती त्यांनी हिवाळ्यात ताप-खोकल्यानं गाव झोडपलं. काही म्हातारी माणसं गेली. डॉक्टर आले, रक्त घेऊन गेले. भाषातज्ज्ञ आले, बोली टेपवर घेऊन गेले. पत्रकार तर रोजचेच. बस-आगगाडीत लोक वळून पाहत. बेटावर दार लावायची सवय नव्हती, इथं कुलूप लावायला शिकावं लागलं.

तरी वैतागून परत गेले, हे काही खरं नाही. त्यांनी इंग्लंड नीट वापरून पाहिलं. पगार घेतला, सिनेमे पाहिले, तरुणांनी मोटारसायकली आणि नाचगाणी पसंत केली. सप्टेंबर १९६२मध्ये त्यांनी बारा जणांची तुकडी बेटावर धाडली: घरं उभी आहेत का, पाणी आहे का, पीक येईल का, हे पाहायला. अहवाल काय? लाव्हानं कारखाना आणि होड्या लावायचे दोन्ही किनारे गिळले, पण गावाच्या उंबरठ्याशी तो थांबला. बहुतेक घरं शाबूत. मागं राहिलेल्या कुत्र्यांनी मेंढ्यांचा फडशा पाडला होता. सगळं हातात आल्यावर मतदान. भोळी माणसं असं करत नाहीत, भागीदार असं करतात.

इंग्लंडमध्ये त्यांना काय कमी होतं? माझ्या समजुतीनं, १८१७च्या त्या कागदातलं चौथं, वरचढपणा न करण्याचं कलम. साउदॅम्प्टनच्या गोदीत ट्रिस्टनचा माणूस म्हणजे सर्वांत खालच्या पायरीवरचा मजूर. मुकादम त्याला हाक मारणार, घड्याळ त्याला हाकणार. बेटावर तोच माणूस आपल्या होडीचा, आपल्या वाफ्याचा, आपल्या दिवसाचा धनी. नॉर्वेच्या १९३७-३८च्या मोहिमेतून बेटावर राहून आलेला समाजशास्त्रज्ञ पीटर मुंच यानं पुढे हे सविस्तर मांडलं: इथं कुणी कुणाला हुकूम करत नाही आणि केला तर तो ऐकलाही जात नाही. म्हणजे १४८ मतं टीव्हीच्या विरोधात पडलीच नव्हती. परत जाताना ते रेडिओ, ग्रामोफोन, नवे कपडे, चांगली हत्यारं घेऊन गेले. शेवटची मोठी तुकडी ‘बोर्नहोम’ या डॅनिश जहाजानं १० नोव्हेंबर १९६३ला उतरली. १९६७मध्ये नवा धक्का बांधला, त्याला नाव दिलं कॅलशॉट हार्बर. ज्या गावाला सोडून आले त्याचंच नाव बंदराला देणारी माणसं त्या गावावर रुसलेली नव्हती.

आणि सगळेच सुखानं नांदले, असंही नाही. १९६६मध्ये पस्तीसेक जण पुन्हा इंग्लंडला गेले. त्यातले काही नंतर परतले. हे वृत्तपत्रांत फारसं आलं नाही, कारण ते प्रवचनात बसत नव्हतं.

आजचं गाव म्हणजे सव्वादोनशे-अडीचशे माणसं. घरांवर आता पत्रे, बाहेर पिकअप गाड्या, इंटरनेट आहे. पण मासेमारीच्या दिवशी गावाचा कणा दिसतो. पहाटे वारा आणि लाटा पाहून निर्णय होतो, मग टांगलेलं जुनं गॅसचं नळकांडं हातोड्यानं बडवतात. त्याला ‘डाँग’ म्हणतात. तो ऐकू आला की सुतार सुतारकाम टाकतो, सरकारी कचेरीतला कारकून कचेरी टाकतो. ज्याच्या नावावर होडी आहे तो धक्क्यावर. क्रेन एकेक होडी पाण्यात सोडते. होडीत दोघं. पिंजरे आणि गोल जाळी केल्प या समुद्री शेवाळाच्या जंगलात उतरवायची, ओढायची, छोटे शेवंड परत समुद्रात सोडायचे. धक्क्याच्या तोंडाशी लाट चढू लागली की सगळ्यांना एकदम परतावं लागतं. संध्याकाळी माल उतरला की कारखान्याची पाळी सुरू होते. पांढरे झगे, टोप्या, रबरी बूट घालून बायका आणि पुरुष टेबलांना उभे राहतात: निवडणं, साफ करणं, वजन, खोका, गोठवण. माल संपेपर्यंत कुणी घरी जात नाही, मग मध्यरात्र का होईना. खोके अमेरिका, जपान, युरोपला जातात. बेटाच्या तिजोरीत जे येतं त्यातलं बहुतेक या शेवंडांचं. फेब्रुवारी २००८मध्ये कारखाना जळला तेव्हा गावाची वीजही गेली, कारण जनरेटर कारखान्यात होते. २००९मध्ये नवा उभा राहिला.

जमीन समाईक. बाहेरच्याला विकत घेता येत नाही, तिथं कायमचं राहताही येत नाही. गुराढोरांनाही मर्यादा आहे: एका घरानं किती गाई आणि किती मेंढ्या ठेवायच्या हे ठरलेलं, नाहीतर एखादा श्रीमंत होऊन कुरण खाऊन टाकील. दर तीन वर्षांनी परिषद निवडली जाते, तिच्यात किमान एक बाई हवीच. सर्वाधिक मतं मिळवणारा सभासद चीफ आयलँडर. लंडननं नेमलेला प्रशासक असतो, पण गावाच्या गळी न उतरलेलं काही रेटणं त्याला जड जातं.

समुद्राच्या बाबतीत या गावानं मोठ्या देशांना खाली पाहायला लावलंय. १६ मार्च २०११ला ब्राझीलहून सोयाबीन घेऊन सिंगापूरला निघालेलं ‘ओलिव्हा’ हे जहाज नाइटिंगेलच्या खडकावर चढलं. बावीस खलाशी वाचले, पण सुमारे दीड हजार टन इंधन समुद्रात सांडलं, तेही रॉकहॉपर पेंग्विन पिसं झाडायला किनाऱ्यावर जमलेले असताना. गावानं साडेतीन हजारांवर पेंग्विन होड्यांतून आणले, शेडमध्ये, अगदी गावच्या पोहण्याच्या तलावात ठेवले, धुतले, स्वतःच्या फ्रीजरमधले मासे भरवले. जेमतेम दहातला एक जगला. नोव्हेंबर २०२०मध्ये बेटानं भोवतालचा ६,८७,००० चौरस किलोमीटरहून अधिक समुद्र संरक्षित म्हणून जाहीर केला. महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा टापू, अटलांटिकमधला असा सर्वांत मोठा. किनाऱ्यालगतची शेवंडांची पट्टी तेवढी स्वतःसाठी राखली. इथंही हिशोब पक्का.

गाव वठत चाललंय, ही काळजी खरी आहे. शाळा सोळाव्या वर्षी संपते. पुढचं शिकायला सेंट हेलेना किंवा इंग्लंड. गेलेलं पोर परत येईलच असं नाही. जन्म कमी, म्हातारे जास्त, आणि लांब होडी वल्हवायला लागणारे खांदे कमी. १९६३मध्ये परतलेल्या पिढीतले आता थोडेच उरले. पण ‘जग जिथं संपतं तिथं राहणारे शेवटचे निष्पाप’ या मथळ्याखाली त्यांची आणखी एक करुणकथा लिहिण्याआधी त्या १४८ जणांनी कुणाची कीव मागितली नव्हती, हे ध्यानात ठेवावं.

कुणाला जायचंच असेल तर रीत अशी: आधी बेटाच्या परिषदेकडे अर्ज करायचा, पोलिसांचा दाखला आणि परतीचं तिकीट दाखवायचं, परवानगी मिळाली की केप टाउनहून जहाजात जागा मागायची. जागा थोड्या आणि त्यांचा क्रम ठरलेला. पहिला हक्क आजारी माणसाचा, मग बेटावरच्या लोकांचा आणि कामानिमित्त जाणाऱ्यांचा. पर्यटक यादीत सगळ्यांत शेवटी.